शिशाच्या जिगचा पहिला साचा : निवड आणि आरोग्य

गळाच्या दांड्यावर शिशाचे डोके ओतले की जिग तयार होतो. शिसे पाण्याच्या अकरापट जड असल्याने बोटाच्या पेराएवढा तुकडाही आमिषाला सरळ तळाशी नेतो. ते ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे घरच्या शेगडीवरही वितळते आणि भंगारात सहज मिळते. त्यामुळे गळाने मासे धरणारे हौशी लोक जिग घरीच ओतू लागतात आणि साचा निवडताना किंमत व आकार एवढेच पाहतात. शिसे किती तापवावे लागेल, नंतर कानस किती चालवावी लागेल आणि भांड्यापाशी किती वेळ उभे राहावे लागेल, हे तिन्ही साच्यावर ठरते. शरीरात जाणारे शिसेही बरेचसे यावरच ठरते.

शिसे शरीरात दोन वाटांनी शिरते. वितळलेल्या शिशाचा रस जास्त तापला, विशेषतः ५०० अंशांच्या पुढे गेला, की त्याचा अतिसूक्ष्म धूर श्वासातून फुप्फुसात जातो. दुसरी वाट हाताची. कानशीचा चुरा आणि रसावर तरंगणारी राखाडी मळी बोटांना लागते आणि जेवणाबरोबर पोटात जाते. घरी ओतणाऱ्यासाठी ही दुसरी वाट अधिक घातक, कारण ती दिसतही नाही आणि वासावरून कळतही नाही. शरीर शिशाला कॅल्शियमसारखेच वागवते व हाडांत साठवते. रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण महिना लागतो. हाडांतले शिसे मात्र वर्षानुवर्षे झिरपत राहते. थकवा, बद्धकोष्ठता, पोटात कळा, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार ही त्याची लक्षणे व परिणाम. यांतले प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशाने तरी होऊ शकते, म्हणून शिशाचा संशय उशिरा येतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते.

साच्यांमध्ये सर्वांत स्वस्त प्लास्टर ऑफ पॅरिसचा, आणि नवशिक्याने नेमका तोच टाळावा. वरून कोरडा दिसला तरी प्लास्टरमध्ये पाणी मुरलेले असते. त्यावर रस पडताच पाण्याची वाफ होऊन शिसे उसळते आणि थेंब थेट तोंडावर, डोळ्यांत उडतात. साधा सिलिकॉन या उष्णतेपुढे टिकत नाही. खास उष्णतारोधक सिलिकॉनचेही काठ झिजत जातात, फटीतून रस पसरून कडांना फ्लॅश येते आणि ती काढायला कानस घ्यावी लागते. चांगला जुळलेला साचा म्हणजे कमी कानस, कमी चुरा. ग्रॅफाइट उष्णता उत्तम सोसते, पण पडले की फुटते.

पहिला साचा ॲल्युमिनियमचा, लाकडी मुठींचा आणि दोन-तीन खोबणींचाच घ्यावा. आकार साधा गोल, वजन १० ते २० ग्रॅम. एक-दोन ग्रॅमच्या बारीक जिगमध्ये रस अर्ध्यावरच गोठतो. मग तो आणखी तापवला जातो आणि धूर वाढतो. मोठ्या खोबणीत ३७० ते ४०० अंशांचा रस नीट भरतो. खोबणी जास्त असल्या की गळ मांडण्यात वेळ जातो आणि तेवढा वेळ भांडे आचेवर तापत राहते. ॲल्युमिनियम उष्णता पटकन ओढून घेते, म्हणून थंड साच्यात पहिले नग अपुरे निघतात. तेव्हा शिसे आणखी न तापवता साचा तापवावा आणि खोबणींना मेणबत्तीची काजळी धरावी. गळाचा दांडा व डोळा खोबणीत घट्ट बसतो का आणि हवा जायला बारीक चिरा आहेत का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

पुण्याजवळ चाकण परिसरातल्या निघोजे-महाळुंगे-खराबवाडी या वाहन कारखान्यांच्या पट्ट्यात असा साचा परदेशातून मागवायची गरज नाही. चाकण-भोसरीच्या टूलरूममध्ये व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) दोन पाट कोरून डॉवेल पिनने जुळवणे हे रोजचे काम आहे. इथे अडचण येते ती शिशाची. चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजने भंगारात मिळतात, पण त्यांत जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते. जे तुकडे शिशाबरोबर वितळत नाहीत ते लगेच बाहेर काढावेत, नाहीतर रस नीट वाहत नाही. जुनी बॅटरी मात्र कधीही फोडू नये. तिच्यात आम्ल असते, शिशाची सहज शोषली जाणारी भुकटी असते आणि अँटिमनी, आर्सेनिकही असू शकते.

ओतकाम उघड्यावर, वारा पाठीशी किंवा कडेने घेऊन करावे. भाड्याच्या खोलीची गॅलरी किंवा स्वयंपाकघर त्यासाठी नाही, आणि शिशाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला नाही. डोळ्यांना गॉगल, कातडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट आणि नीट बसणारा एन-९५ मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. काम चालू असताना तंबाखू मळणे म्हणजे शिसे थेट तोंडात घालणे. शिशाचे छोटे मणी दातांनी दाबून दोरीला बसवायची सवयही सोडावी. गूळ किंवा दूध घेतल्याने आत गेलेले शिसे निघत नाही. शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते, एवढाच आहाराचा संबंध. जागा ओल्या फडक्याने पुसावी, कपडे वेगळे धुवावेत. मळी झाकणाच्या डब्यात साठवावी. इंद्रायणी नदीत किंवा गटारात टाकू नये.

ज्या घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री आहे तिथे शिसे ओतूच नये. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषला जातो, लहान मुलात जवळपास निम्मा, आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर पडतो. गर्भालाही ते वारेतून पोहोचते. अशांनी तशाच साच्यात कथील ओतावे. कल्हईचे हे कथील २३२ अंशांना वितळते. ते महाग असते आणि १० ग्रॅमच्या खोबणीत साडेसहा ग्रॅमच्या आसपासच भरते. तेवढ्यासाठी एक माप मोठा साचा घ्यावा.

नियमित ओतणाऱ्याने, आणि बॅटरी किंवा सोल्डरिंगच्या कामावर असलेल्याने तर नक्कीच, शिरेतील रक्तातले शिशाचे प्रमाण तपासून घ्यावे. सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण माहीत नाही. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळल्यास शिसे कुठून येते ते शोधून ती वाट बंद करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते. शिसे बाहेर काढणारी औषधे त्याहून बऱ्याच वरच्या प्रमाणाला लागतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.