हलक्या कॅमेऱ्यासाठी व्हिडिओ ट्रायपॉड : काय बघाल, किती मोजाल

ट्रायपॉड बघायला निघण्याआधी कॅमेरा तोला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल, तो नसेल तर किराणा दुकानातला. नुसती बॉडी तोलू नका. बॅटरी, कार्ड, लेन्स, माइक, केज, वरचा छोटा मॉनिटर, शूटिंगच्या वेळी जे जे चढतं ते सगळं लावून तोला आणि आकडा लिहून ठेवा. उदाहरणादाखल, सोनीचा झेडव्ही-ई१० बॅटरी-कार्डासकट ३४३ ग्रॅम भरतो आणि त्याची १६-५० किट लेन्स ११६ ग्रॅम. म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. माइक आणि केज चढवली तरी बहुतेक जण एक किलोच्या आतच राहतात.

हा आकडा खिशात नसेल तर दुकानदार तुम्हाला ‘दहा किलो पेलतो’ असं सांगून सगळ्यात दणकट हेड, म्हणजे कॅमेरा बसवायचा वरचा फिरता भाग, दाखवेल. पेलेल, यात वाद नाही. पण हलक्या कॅमेऱ्याची अडचण वेगळीच असते आणि ती खोक्यावर छापलेली नसते.

व्हिडिओ हेडमध्ये बहुधा एक स्प्रिंग असते. तिला काउंटरबॅलन्स म्हणतात. कॅमेरा खाली झुकवला की तो वजनाने आणखी खाली जाऊ पाहतो, स्प्रिंग त्याला धरून ठेवते. स्प्रिंगचा जोर कॅमेऱ्याच्या वजनाशी जुळला तर हँडल सोडल्यावरही फ्रेम जागच्या जागी राहते. जोर जास्त असेल तर स्प्रिंग कॅमेऱ्यालाच वर ढकलते. तुम्ही टिल्ट करून थांबता आणि फ्रेम हळूच मागे सरकते. मॅनफ्रोटोचं एमव्हीएच५००एएच हे लोकप्रिय हेड घ्या. कमाल भार ५ किलो, स्प्रिंग २.४ किलोला ठरवलेली, कमी-जास्त करण्याची सोय नाही. अडीच किलोच्या कॅमेऱ्याला हे हेड छान. अर्ध्या किलोच्या कॅमेऱ्याला तेच हेड शॉटभर विरोध करत राहतं.

म्हणून दुकानात कमाल भार विचारून थांबू नका. काउंटरबॅलन्स किती किलोपासून सुरू होतो आणि तो शून्यावर नेता येतो का, हे विचारा. मॅनफ्रोटोच्या नायट्रोटेक ६०८ मध्ये तो ० ते ८ किलो सलग फिरवता येतो. साख्टलरच्या एस एममध्ये तो टप्प्याटप्प्याने बदलतो आणि कमाल भार ४ किलो आहे. दोन्ही महाग आहेत. पण तुमचा सगळा सेट ७००-८०० ग्रॅमच्या आत असेल, तर काउंटरबॅलन्ससाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरजच नाही. इतकं वजन नीट ड्रॅग असलेलं हेड स्प्रिंगशिवायही सांभाळतं. ते पैसे चांगल्या ड्रॅगवर आणि पक्क्या पायांवर घाला.

ड्रॅग म्हणजे हेड फिरवताना हाताला लागणारा एकसारखा विरोध. जड कॅमेरा स्वतःच्या वजनाने हाताचा थरथराट गिळतो. हलका कॅमेरा काहीच गिळत नाही. बोटाचा झटका थेट फ्रेममध्ये दिसतो. त्यामुळे हलक्या कॅमेऱ्याला खरं तर चांगलं हेड जास्त लागतं. आणि नेमकी इथेच फसवणूक होते. स्वस्त हेडवर ‘फ्लुइड’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि आत ग्रीस लावलेले दोन वॉशर एकमेकांवर घासत असतात. ओळखायची सोपी खूण अशी : लॉकचा स्क्रू वेगळा आणि ड्रॅगची चकती वेगळी आहे का ते बघा. एकच स्क्रू असेल, तर ड्रॅग ठरावीक आहे किंवा नुसतं घर्षण आहे. त्या स्क्रूवर ‘अर्धा आवळून पॅन करा’ असं कोणी सुचवलं तर ते हेड घेऊ नका. लॉक अर्धवट आवळून फिरवलं की ते लवकर झिजतं.

आता दुकानातली तपासणी. कॅमेरा सोबत न्या, त्याशिवाय ही खरेदी करू नका. दहा-पंधरा मिनिटं लागतील. कोणी घाई केली तर दुसऱ्या दुकानात जा.

पाय पूर्ण उघडा, सगळे लॉक आवळा, कॅमेरा चढवा. लेन्स जितकी झूम होते तितकी करा आणि समोरच्या कपाटाची उभी कड फ्रेमच्या मधोमध घ्या. एका बोटाने हँडल अगदी हळू ढकला. कड सरकायला लागताना उडी मारते का? मारत असेल तर हेड अडकतंय. पॅन थांबवा आणि हात काढा. कड एक-दोन मिलिमीटर उलट सरकते का? स्वस्त हेडमधली सगळ्यात त्रासदायक खोट हीच, आणि एडिटिंगला बसेपर्यंत ती लक्षात येत नाही. मग तीस अंश खाली टिल्ट करून हँडल सोडा. फ्रेम वर गेली तर स्प्रिंग जास्त आहे, खाली कोसळली तर ड्रॅग कमी आहे. शेवटी दोन्ही लॉक आवळा, हँडलचं टोक धरून डावी-उजवीकडे पिळा आणि नजर हेडवर नको, पायांवर ठेवा. पाय पिळले जात असतील तर वरचं हेड कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. हँडलला रबरबँड अडकवून त्याने ओढलंत तर पॅनची सुरुवात जास्त मऊ होते. शूटिंगमध्येही ही युक्ती कामाला येते.

पायांचे दोन प्रकार मिळतात. एक फोटोचे, एका नळीचे, मधला दांडा वर येणारे. दुसरे व्हिडिओचे, प्रत्येक पायाला वरच्या भागात जोडनळ्या आणि मधे किंवा जमिनीवर पाय एकमेकांना बांधून ठेवणारा स्प्रेडर. नाटक, कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, लग्न, जिथे पॅन सतत लागतो तिथे दुसरे घ्या. एकट्याने बसून बोलायचे व्हिडिओ करणार असाल, पाककृती वरून दाखवणार असाल, तर फोटोचे पाय पुरतात. मात्र मधला दांडा वर काढून पॅन करू नका, सगळी डगमग तिथून येते.

पायांच्या वर वाटीसारखा खोलगट भाग असतो, त्याला बाउल म्हणतात. ६०, ६५, ७५ आणि १०० मिलिमीटर अशा मापांत तो मिळतो. फायदा असा की पातळी दाखवणारा बुडबुडा मधे आणायला तीन पाय वर-खाली करत बसावं लागत नाही, खालची मूठ सैल करून हेड सरळ केलं की झालं. ओबडधोबड जमिनीवर शूट करत असाल तर हे फार मोलाचं आहे. शक्यतो ७५ घ्या. ६० आणि ६५ ची हेड आणि सुटे भाग पुढे शोधताना दमछाक होते. हेड सपाट बुडाचं असेल तर बाउलमध्ये बसायला अर्धगोल अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. त्याची किंमत आधीच विचारा.

कार्बन की ॲल्युमिनियम? सह्याद्रीत पाठीवर बांधून चढणार असाल तर कार्बनचा विचार करा. इतरांना ॲल्युमिनियम बरं. कार्बनने वजन थोडं वाचतं आणि पैसे खूप जातात. शिवाय हलका कॅमेरा, हलके पाय आणि समुद्राचा वारा हे तिन्ही एकत्र आले की ट्रायपॉड आडवा होतो. स्प्रेडरला किंवा मधल्या हुकाला पिशवी अडकवा.

स्क्रूची मापं पाठ करून ठेवा. कॅमेऱ्याखाली पाव इंची, हेड आणि पायांच्या जोडावर बहुधा तीन-अष्टमांश इंची. ही जुळवणारी बुशिंग अगदी स्वस्त असते, दोन जादा घेऊन बॅगेत टाका. कॅमेऱ्याखाली लावून हेडमध्ये बसवायच्या प्लेटचं मात्र जपून. शक्यतो मॅनफ्रोटो ५०१ किंवा आर्का पद्धतीची प्लेट बसेल असं हेड घ्या, त्यांच्या जादा प्लेट बऱ्याच कंपन्या बनवतात. एखाद्या अनोळखी ब्रँडची स्वतःचीच वेगळी प्लेट असेल तर ती हरवल्यावर हेडच निकामी होतं. प्लेट लांब असेल तर कॅमेरा पुढे-मागे सरकवून तोल साधता येतो. हलक्या बॉडीवर लांब लेन्स लावली की वजन पुढे जातं, तेव्हा हे लागतंच.

पैशांचं बोलू. पुढचे आकडे ढोबळ आहेत, दुकानागणिक आणि सणासुदीच्या सवलतींनुसार फरक पडेल. तीन-चार हजारांपर्यंत मिळणाऱ्या सेटमध्ये सांधे प्लास्टिकचे असतात आणि हेड घर्षणाचं. कॅमेरा एका जागी लावून बोलायचं असेल तर ते पुरेसं आहे, त्यावर पॅनची आशा ठेवू नका. आठ ते पंधरा हजारांत ॲल्युमिनियमचे पाय आणि कामचलाऊ ते बऱ्यापैकी ड्रॅग मिळतो. हलक्या कॅमेऱ्याच्या बहुतेक लोकांनी इथेच थांबावं, फक्त वरची तपासणी करूनच घ्यावं. पंचवीस ते पन्नास हजारांत नावाजलेल्या कंपन्यांचे सेट येतात. त्यांपैकी बरेच दोन-चार किलोच्या कॅमेऱ्यांसाठी बनलेले असतात, म्हणून स्प्रिंगचा प्रश्न इथे सगळ्यात आधी विचारा. साख्टलरच्या सेटसाठी लाखाच्या घरात तयारी ठेवा.

छापील किमतीत काय नाही ते आधी विचारून घ्या. स्प्रेडर सेटमध्ये आहे का? बॅग? अर्धगोल अडॅप्टर? जादा प्लेट? हँडल एक की दोन? पायांचे लॉक घट्ट करायची ॲलन की? या सुट्या गोष्टींची बेरीज स्वस्त सेटच्या किमतीच्या पाव-अर्ध्यापर्यंत सहज जाते. दुकानदाराने सांगितलेल्या भावात जीएसटी आहे का, हे स्पष्ट विचारा. ट्रायपॉडवर तो १८ टक्के आहे. ‘बिल हवं तर वेगळे पैसे’ असं ऐकू आलं तर तिथेच थांबा, कारण छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत असणं बंधनकारक आहे. ते नसेल तर वॉरंटीच्या वेळी तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही.

कुठे घ्याल? मुंबईत फोर्टचा बोरा बाजार कॅमेऱ्याच्या सामानासाठी जुना आणि भरवशाचा. एकाच गल्लीत पाच-सहा दुकानं फिरून भाव करता येतो आणि माल हाताळता येतो. गर्दी टाळायची तर सकाळी दुकानं उघडताच जा. इतर शहरांत लग्नाचे फोटोग्राफर जिथून सामान घेतात ते दुकान विचारून काढा, सुटे भाग तिथेच मिळतात. ऑनलाइन घेताना ‘परत’ आणि ‘फक्त बदलून’ यांतला फरक वाचा. हेड अडकतंय ही तक्रार ‘फक्त बदलून’मध्ये गेली तर तसंच दुसरं हेड घरी येतं. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि वरची तपासणी त्याच दिवशी उरका, मुदत संपायची वाट बघू नका.

जुना माल घेणं हा या खरेदीतला उत्तम मार्ग आहे. चांगलं हेड नीट वापरलं तर वर्षानुवर्षं चालतं. बुडाशी किंवा टिल्टच्या सांध्यावर तेलकट ओघळ दिसला तर सोडून द्या. ड्रॅग किमान आणि कमाल, दोन्ही टोकांना फिरवून बघा, फरक जाणवला पाहिजे. प्लेट मूळची आहे का आणि ती निसटू नये म्हणून असलेली खीळ शाबूत आहे का, हे तपासा.

वर्षातून चार-पाच कार्यक्रमच करत असाल तर भाड्याने घ्या. छोट्या सेटचं दिवसाचं भाडं साधारण काहीशे रुपये पडतं, अनामत वेगळी. घेण्याआधी एक दिवस भाड्याने वापरून बघणं हा तर सर्वांत स्वस्त विमा आहे. दिवस म्हणजे चोवीस तास की रात्री दहापर्यंत, उशिराचा दंड किती, अनामत कधी परत, हे मेसेजवर लिहून घ्या. ओळखपत्राची मूळ प्रत ठेवून येऊ नका. आधार मागितलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत द्या, ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. ताब्यात घेतानाच हेड, प्लेट आणि पायांचे फोटो काढा.

ट्रायपॉड विमानाने नेणार असाल तर तो चेक-इनच्या बॅगेत घाला. केबिनमध्ये नेऊ देतील असं गृहीत धरलं तर सुरक्षा तपासणीत अडकाल. हेड काढून कपड्यांत गुंडाळा, लॉक सैल ठेवा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या जागी, म्हणजे अजिंठा, वेरूळ, रायगड अशा ठिकाणी ट्रायपॉड लावायला आगाऊ परवानगी लागते, हातात धरून चित्रीकरण करण्यापेक्षा त्याचे नियम वेगळे आहेत. तिथे पोहोचून विचारण्यात दिवस जातो, आधी अर्ज करा. कोकण-गोव्याच्या वाळूत काम झालं तर त्याच संध्याकाळी पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. हेड पाण्याखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा.

बिलावर हेड आणि पाय दोन्हींचे मॉडेल क्रमांक स्वतंत्र लिहून घ्या. नुसतं ‘ट्रायपॉड सेट’ लिहिलेलं असेल तर हेडची वॉरंटी मागताना अडचण येते. वॉरंटीची ऑनलाइन नोंदणी लागते का ते बघा आणि त्याच आठवड्यात करा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. माल मुंबईत घेतला असला तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. बिल, वॉरंटी कार्ड, मेसेज आणि हेड मागे सरकताना दिसणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, एवढं तक्रारीला जोडा.