चाकांवरचे छोटे घर

[प्रवासाला निघताना आपले घरच बरोबर नेता आले तर किती बरे, असे पुष्कळांना वाटते. जपानमध्ये अशी छोटी फिरती घरे रस्त्यांवर दिसतात. असे घर निवडताना काय पाहावे, कोणता हिशेब करावा आणि कोणते धोके टाळावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थिमित्रांनो, पावसाळ्यात तुम्ही गोगलगाय पाहिली असेल. ती आपले घर पाठीवर घेऊन सावकाश चालते. थकली की जिथे असेल तिथेच घरात शिरते. माणसालाही असे घर हवेसे वाटले. मग त्याने मोटारगाडीतच बिछाना टाकला, कपाट बसवले, पाण्याची टाकी ठेवली आणि चहापुरती शेगडीही मांडली. अशा गाडीला 'कॅम्पर' म्हणतात. काही कॅम्पर बसएवढे मोठे असतात. त्यांत स्वयंपाकघर आणि न्हाणीघरही असते. पण आज आपण अगदी लहान कॅम्परची ओळख करून घेणार आहोत. त्यासाठी जपानला जाऊ या.

जपान हा डोंगराळ देश आहे. तेथील गावांतले आणि जुन्या वस्त्यांतले रस्ते अरुंद असतात. अशा रस्त्यांवर चालतील आणि सामान्य माणसाला परवडतील अशा लहान गाड्यांचा एक वेगळा वर्ग तेथे १९४९ साली ठरवण्यात आला. या गाड्यांना 'केई' म्हणतात. 'केई' म्हणजे हलकी. केई गाडीची लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि उंची २ मीटर यांपेक्षा जास्त चालत नाही. इंजिन ६६० सी.सी.पेक्षा मोठे नसते आणि गाडीत जास्तीत जास्त चौघे बसू शकतात. घरगुती वापराच्या केई गाडीची पाटी सहसा पिवळी असते, म्हणून ती लांबूनच ओळखू येते.

या गाड्यांच्या कुळातली एक गाडी आपल्याही ओळखीची आहे. १९८४ साली भारतात मारुती व्हॅन आली. पुढे तिला 'ओम्नी' हे नाव मिळाले. जपानच्या सुझुकी कंपनीच्या 'कॅरी' नावाच्या गाडीवरून ती बनवली होती. तिची लांबी ३.३७ मीटर होती; इंजिन मात्र ७९६ सी.सी.चे होते. २०१९ मध्ये ही गाडी बनवणे बंद झाले. तुमच्यापैकी काही जण ओम्नीत बसून शाळेत किंवा एखाद्या लग्नाला गेले असतील. आता विचार करा. एवढ्याच गाडीत चार दिवस राहायचे, झोपायचे आणि जेवण करायचे आहे. मग ती गाडी कशी निवडाल?

दुकानात गेल्यावर आपले लक्ष आधी कुठे जाते? रंगीत पडदे, गुळगुळीत लाकूड, छोटासा दिवा! सारे कसे छान दिसते. पण शहाणा माणूस पडद्यांकडे नंतर पाहतो. तो आधी चार मापे घेतो : झोपेचे, वजनाचे, हवेचे आणि मुक्कामाचे.

पहिले माप झोपेचे. गाडीत चौघांना बसता येते, म्हणून चौघांना झोपता येईलच असे नाही. बसण्याच्या जागा आणि झोपण्याच्या जागा वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. जपानमध्ये एखाद्या गाडीची कॅम्पर म्हणून खास नोंदणी करायची असेल, तर मोठ्या माणसाचा बिछाना किमान १.८ मीटर लांब आणि ०.५ मीटर रुंद असावा लागतो. आता साधे गणित करा. दोन माणसांना १ मीटर रुंदी लागेल. तिघांना दीड मीटर लागेल. पण केई गाडीची बाहेरून रुंदीच १.४८ मीटर आहे! म्हणजे शेजारी शेजारी दोघेच नीट झोपू शकतील. काही गाड्यांचे छप्पर वर उचलता येते आणि तिथे आणखी एक बिछाना तयार होतो. तशी सोय नसेल, तर ही गाडी दोघांची, हे आधीच ओळखावे. चौघांच्या कुटुंबाने मोठी गाडी पाहावी किंवा गाडीबरोबर एक तंबू न्यावा.

झोपताना पाय सरळ झाले पाहिजेत, हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या कुमामोतो भागात दोन मोठे भूकंप झाले. त्यानंतरही जमीन पुन्हा पुन्हा हादरत होती. घरात परतायला लोक घाबरत होते. अनेकांनी आपल्या साध्या मोटारींतच रात्री काढल्या. बसल्या बसल्या, पाय दुमडून ते झोपले. काहींच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. अशी गुठळी रक्ताबरोबर फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. काहींना रुग्णालयात न्यावे लागले. मृत्यूही झाला. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा पादत्राणे काढा आणि बिछान्यावर खरेच आडवे व्हा. पाय पूर्ण सरळ होतात का? कूस बदलता येते का? रात्री उठताना डोके आपटते का? या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत. ती आडवे झाल्यावरच मिळतात.

दुसरे माप वजनाचे. केई प्रकारच्या छोट्या मालगाडीत जास्तीत जास्त ३५० किलो माल भरता येतो. या गाडीवर खोली बांधली, कपाटे आणि बिछाना बसवला, की या आकड्याचा मोठा भाग तिथेच संपतो. उरलेल्या वजनात आपले सामान बसले पाहिजे. समजा, १०० किलो उरले. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, कारण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. बॅटरी २५ किलो, शेगडी व भांडी १५ किलो, अंथरूण-पांघरूण व कपडे २५ किलो. बेरीज झाली ८५. उरले १५ किलो. आता तुम्हांला १८ किलोचा फ्रीज घ्यावासा वाटला. जागा आहे, पैसेही आहेत. पण वजन ३ किलोंनी जास्त होते. काय कराल? काही लोक म्हणतात, "तीन किलोंनी काय बिघडते?" मग तीनाचे तेरा होतात आणि तेराचे तीस. जड गाडी ब्रेक दाबल्यावर लवकर थांबत नाही. टायर तापतात आणि फुटू शकतात. त्यातून ही गाडी अरुंद आणि उंच. बाजूने जोराचा वारा आला की ती डोलते. पाणी तर वाटेतही भरता येते. पाच लिटर कमी घेऊन निघाले की हिशेब जुळतो! जड वस्तू नेहमी खाली आणि दोन्ही चाकांच्या मधोमध ठेवाव्यात, छपरावर ठेवू नयेत.

तिसरे माप हवेचे. हे माप डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तेच विसरले जाते. दोन माणसे बंद गाडीत रात्रभर श्वास घेतात. त्या श्वासातली वाफ सकाळी काचांवर पाण्याच्या थेंबांच्या रूपात दिसते. अंथरूण ओलसर होते. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघडता येतील आणि त्यांना जाळी असेल, अशी गाडी निवडावी. पण ओलाव्यापेक्षा मोठा शत्रू दुसराच आहे. इंजिन, शेगडी किंवा कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही आणि झोपेतच प्राण घेतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानच्या फुकुई भागात एवढा बर्फ पडला, की एकाच महामार्गावर सुमारे १५०० गाड्या अडकून पडल्या. अशा वेळी थंडीमुळे लोक इंजिन चालू ठेवतात. धूर बाहेर सोडणारी नळी बर्फाने बुजली, तर तो धूर गाडीत शिरतो. म्हणून नियम पक्का : झोपताना इंजिन बंद, शेगडी बंद. ऊब हवी असेल तर ज्वलनासाठी बाहेरची हवा घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा हीटर असावा. या वायूची सूचना देणारी छोटी घंटाही मिळते. पडद्यांवर खर्च करण्याआधी तिच्यावर करावा.

चौथे माप मुक्कामाचे. एवढ्या लहान गाडीत सहसा शौचालय नसते. मग रात्र काढायची कुठे? जपानमध्ये १९९३ साली रस्त्याकाठी 'मिचि-नो-एकि' नावाची विश्रांतिस्थाने सुरू झाली. या नावाचा अर्थ 'रस्त्यावरचे स्थानक'. आरंभी ती १०३ होती. आज १२०० हून अधिक आहेत. तेथे गाडी उभी करायला जागा असते, शौचालय चोवीस तास उघडे असते आणि आसपासच्या शेतकऱ्यांची ताजी भाजी विकत मिळते. थकलेल्या चालकाने तेथे थांबून डुलकी घ्यावी. तेवढ्यासाठीच ती आहेत. तेथे खुर्च्या मांडून, शेगडी पेटवून संसार थाटणे योग्य मानले जात नाही. घरचा कचरा टाकणे तर मुळीच नाही. ज्यांना खरोखर मुक्काम करायचा असतो, त्यांच्यासाठी पैसे देऊन राहण्याच्या वेगळ्या जागा आहेत. म्हणून गाडी घेण्याआधी नकाशा पाहावा. आपण कुठे जाणार, रात्री कुठे थांबणार, पाणी कुठे भरणार आणि घाण पाणी कुठे ओतणार, हे ठरवले की कोणती गाडी हवी हे आपोआप कळते. फिरत्या घराला अंगण नसते. दुसऱ्याच्या अंगणात आपण काही काळ उभे असतो, हे विसरू नये.

ही चारही मापे घेतल्यावर एक शेवटची परीक्षा बाकी राहते. तशीच गाडी एक-दोन रात्रींसाठी भाड्याने घ्यावी. शक्य असेल तर पावसाची रात्र निवडावी. पावसात ओले कपडे कुठे ठेवायचे, जेवण कुठे करायचे आणि दोघांपैकी एक उठला की दुसऱ्याने कुठे सरकायचे, हे सगळे एका रात्रीत समजते. भाड्याचे थोडे पैसे जातात, पण चुकीच्या खरेदीचे मोठे नुकसान वाचते.

अशी घरे केवळ मौजेसाठी असतात असे समजू नका. १ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोतो भागात मोठा भूकंप झाला. हजारो घरे पडली. मदतीला बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यांना राहायला जागा उरली नव्हती. तेव्हा काही ठिकाणी कॅम्पर गाड्या पाठवण्यात आल्या. दिवसभर मदतीचे काम करून थकलेली माणसे रात्री त्यांत पाय पसरून झोपली.

मित्रांनो, तुम्ही उद्याच कॅम्पर घेणार नाही. पण सहलीची पिशवी भरताना, वसतिगृहाची खोली पाहताना किंवा घरात नवे कपाट आणताना हीच मापे तुमच्या उपयोगी पडतील. वस्तू पाहण्याआधी ती वापरणारी माणसे मोजा, त्यांची गरज मोजा. मग छोटी जागाही पुरते.

शब्दार्थ

गोगलगाय – पाठीवर शंख असलेला, सावकाश चालणारा प्राणी. कूळ – घराणे. मुक्काम – प्रवासात थांबणे, राहणे. कूस – शरीराची बाजू. गुठळी – घट्ट झालेला लहान गोळा. डुलकी – थोडा वेळ लागलेली झोप. माहितीपत्रक – वस्तूची माहिती देणारा छापील कागद. संसार थाटणे – घर मांडणे. तीनाचे तेरा होणे – थोडक्यातून मोठा बिघाड होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'केई' या शब्दाचा अर्थ काय?
(२) मारुती व्हॅन कोणत्या गाडीवरून बनवली होती?
(३) गाडी निवडताना कोणती चार मापे घ्यावीत?
(४) 'मिचि-नो-एकि' येथे कोणत्या सोयी असतात?

प्र. २. कारणे लिहा.
(१) कुमामोतो येथे मोटारीत झोपलेल्या काही लोकांना रुग्णालयात न्यावे लागले, कारण...
(२) झोपताना गाडीचे इंजिन बंद ठेवावे, कारण...
(३) जड वस्तू छपरावर ठेवू नयेत, कारण...

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
गाडी विकत घेण्याआधी ती एक-दोन रात्री भाड्याने का घ्यावी?

प्र. ४. भाषाभ्यास.
सामान, हिशेब, वजन, हवा, खर्च, मुक्काम हे शब्द तुमच्या उर्दू भाषेतही थोड्याफार फरकाने आहेत. पाठातील ज्या वाक्यांत ते आले आहेत, ती वाक्ये शोधून लिहा. मराठीत आणि उर्दूत त्यांच्या उच्चारात किंवा अर्थात काही फरक आहे का, ते सांगा.

उपक्रम : वर्गाच्या किंवा मैदानाच्या जमिनीवर खडूने ३.४० मीटर लांब आणि १.४८ मीटर रुंद असा चौकोन आखा. त्यात दोघांचा बिछाना, पाण्याची टाकी आणि शेगडी कुठे ठेवाल, ते गटात चर्चा करून ठरवा.