ज्यू प्रीस्कूल: फी किती, सुट्ट्या किती, डब्यात काय

न्यू जर्सीत तीन वर्षांच्या मुलासाठी शाळा शोधायला लागलं, की यादीत एखादं ज्यू प्रीस्कूल सहसा निघतंच. कोणीतरी ओळखीचं त्याबद्दल चांगलं बोललेलं असतं आणि कागदावरची फी कधी कधी शेजारच्या डेकेअरपेक्षा कमी दिसते. मराठी घरात पहिला प्रश्न येतो तो ‘आपल्याला घेतील का?’ हा. खरं तर तो सोपा आहे. अडचण होते ती हिशेबाची.

प्रवेशाचं आधी उरकून टाकू. ज्यू कम्युनिटी सेंटर, म्हणजे जेसीसी, सर्वधर्मीयांना खुली असतात. सिनेगॉगला जोडलेल्या शाळांपैकी रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांच्या शाळा बहुधा बाहेरची मुलं घेतात, पण आधी तिथे शिकणाऱ्यांची भावंडं, मग सभासद आणि उरलेल्या जागा इतरांना, असा क्रम असतो. खबाड या पंथाच्या आणि इतर ऑर्थोडॉक्स संस्थांचं धोरण शाळेगणिक बदलतं. तिथे फोन करून ‘आम्ही हिंदू आहोत, चालेल का?’ असं सरळ विचारावं. यात कोणाला नवल वाटायचं कारण नाही. मुंबईत माझगावची सर एली कदूरी शाळा १८७५ साली बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मुलांसाठी सुरू झाली आणि आज तिथली बहुसंख्य मुलं ज्यू नाहीत.

आता फी. पुढचे आकडे मी फक्त पद्धत दाखवायला घेतले आहेत, तिथे तुमच्या शाळेचे घाला. समजा शाळा सप्टेंबर ते जून, सकाळी नऊ ते दुपारी तीन, आणि फी वर्षाला १८,००० डॉलर. दोघं नोकरी करत असाल तर आफ्टरकेअर लागणारच, महिना ४०० धरला तर दहा महिन्यांचे ४,०००. परत न मिळणारी नोंदणी फी २५०, सुरक्षा शुल्क ४००, जेसीसीचं कौटुंबिक सभासदत्व ९००. जुलै-ऑगस्टमधल्या समर कॅम्पचे आठवडे आठ, आठवड्याला ४०० प्रमाणे ३,२००. आणि शाळेला सुट्टी पण तुम्हाला ऑफिस, असे बारा दिवस बेबीसिटर ठेवली, तासाला २० डॉलर आणि दिवसाचे नऊ तास, तर २,१६०. बेरीज होते २८,९१० डॉलर. महिना १,९५० घेणारं बारमाही डेकेअर वर्षाला २३,४०० मध्ये पडतं. १८,००० वाचून जे स्वस्त वाटलं होतं, ते साडेपाच हजारांनी महाग निघालं. शाळा आवडली असेल तर ते जरूर द्यावेत, पण आकडा माहीत असू द्यावा.

सुरक्षा शुल्कावर कुरकुर करू नका. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अनेक जेसीसींना बॉम्बच्या धमक्या आल्या आणि प्रीस्कूलची मुलं इमारतीबाहेर काढावी लागली. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये गोळीबार झाला. दारावरचा रक्षक, कॅमेरे, बंद फाटक यांसाठी सरकारी अनुदान मिळतं, पण ते सगळ्यांना पुरत नाही. मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं आणि आजी-आजोबा भारतातून आले तर त्यांचं नाव कसं नोंदवायचं, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

वरच्या हिशेबात सर्वांत हलता आकडा सुट्ट्यांचा. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे, एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरणारं. त्यामुळे सण इंग्रजी तारखांवर मागे-पुढे सरकतात, आणि सण कोणत्या वारी आला यावर तुमचा खर्च ठरतो. २०२५ च्या शरदात रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत आणि सिम्हात तोरा या सणांचे मिळून सात दिवस कामाच्या वारी आले होते. २०२६ मध्ये त्यातले बहुतेक शनिवार-रविवारी येतात. पूर्ण सुट्टीचा कामाचा दिवस उरतो तो एकच, २१ सप्टेंबरचा, योम किप्पूरचा सोमवार. ही चैन वसंतात वसूल होते. अधिक मासामुळे २०२७ चा पेसाख हा वसंतातला सण २२ ते २९ एप्रिल इतका उशिरा आहे, म्हणजे कामाचे सहा दिवस. त्या वर्षी ईस्टर २८ मार्चला आहे. मोठं भावंड सरकारी शाळेत असेल आणि तिथली वसंताची सुट्टी ईस्टरला धरून असेल, तर दोन मुलांच्या सुट्ट्या दोन वेगळ्या महिन्यांत सांभाळायची तयारी ठेवा. काही शाळा सणाचे फक्त पहिले आणि शेवटचे दिवस बंद असतात, काही पूर्ण आठवडा. म्हणून पैसे भरण्याआधी छापील कॅलेंडर मागा आणि ते ऑफिसच्या सुट्ट्यांशेजारी ठेवून कामाचे दिवस मोजा.

शुक्रवारचं वेगळं. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडा आधी सुरू होतो आणि डिसेंबरात न्यू जर्सीत साडेचारलाच सूर्य मावळतो. कडक शाळा हिवाळ्यात शुक्रवारी दुपारीच बंद होतात आणि त्या दिवशी आफ्टरकेअरही नसतं. महिन्याची आफ्टरकेअर फी मात्र पूर्णच द्यावी लागते का, ते विचारा.

डबा. कोशर, म्हणजे ज्यू आहाराच्या, नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे अनेक शाळा घरून आणायचा डबा दूधदुभतं किंवा शाकाहारीच मागतात. म्हणजे पोळी-भाजी, दहीभात बिनघोर, चिकन सँडविच नाही. पण घरचं स्वयंपाकघर कोशर नसेल तर घरचं काहीच न चालणाऱ्या शाळाही आहेत. तिथे शाळेचं जेवण घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. वाढदिवसाचा केकही कोशर शिक्का असलेला, न उघडलेल्या डब्यातला लागतो. पेसाखच्या दिवसांत शाळा उघडी असली तर पोळी बाद, आणि अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यूंचा, रिवाज पाळणाऱ्या शाळेत भात आणि डाळीही बाद. त्या आठवड्यात फळं, बटाटा, दही, चीज हाताशी ठेवा, दह्या-चीजवर पेसाखचा शिक्का बघून. आणखी एक, मुलाच्या वाढदिवसाची पार्टी शनिवारी ठेवलीत तर शब्बाथ पाळणारे वर्गमित्र येणार नाहीत. रविवार धरा.

धर्म किती शिकवतात? साध्या जेसीसीत दर शुक्रवारी हल्ला नावाचा वेणीचा पाव, द्राक्षाचा रस, मेणबत्त्या, हिब्रू गाणी आणि दानपेटीत एक नाणं. मूल घरी येऊन ‘शब्बात शालोम’ म्हणेल आणि दिवाळीला पणती लावेल, दोन्ही त्याला सारखंच आवडेल. ऑर्थोडॉक्स शाळेत रोजची प्रार्थना आणि तोरा या धर्मग्रंथातल्या कथा येतात. हे नको असेल तर ती शाळा घेऊ नये. आत जाऊन सूट मागणं बरोबर नाही.

न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्यांना एक स्वस्त वाट आहे. चार वर्षांच्या मुलांसाठी शहराचं मोफत प्री-के काही ज्यू संस्थांच्या इमारतींतही चालतं. दिवसाचे सहा तास वीस मिनिटं फुकट, त्या वेळात धर्मशिक्षण नाही, पुढच्या तासांचे पैसे. फ्लोरिडाच्या सरकारी प्री-के योजनेतही शालेय वर्षाचे ५४० तास धार्मिक संस्थांत वापरता येतात.

करसवलतीचा भाग एच-४ व्हिसावाल्यांनी नीट वाचावा. प्रीस्कूलच्या खर्चावर केंद्रीय सवलत मिळते, एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतच्या खर्चावर, टक्केवारी उत्पन्नाप्रमाणे. नोकरीतून डिपेन्डन्ट केअर खातं मिळत असेल तर २०२६ पासून त्यात ७,५०० डॉलर करमुक्त ठेवता येतात, मात्र तेच पैसे दोन्हीकडे दाखवता येत नाहीत. अट अशी, की दोघंही कमावते हवेत, किंवा एक जण पूर्णवेळ विद्यार्थी. कामाचा परवाना नसलेला जोडीदार घरी असेल तर सहसा यातलं काही हाती लागत नाही. शिक्षणासाठीचं ५२९ बचत खातंही प्रीस्कूलला चालत नाही. शाळेला दिलेली फी म्हणजे देणगी नव्हे, सक्तीचा इमारत निधीही नव्हे. शाळेचा कर क्रमांक मात्र जानेवारीत मागून ठेवा.

सही करण्याआधी करारातलं एक कलम शोधा: मधेच शाळा सोडली तर उरलेल्या वर्षाची फी माफ होते का? बऱ्याच करारांत होत नाही. एच-१बी वर नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि शाळेचा हप्ता त्यासाठी थांबत नाही. नोकरी गेल्यास किंवा गाव बदलल्यास महिन्याच्या नोटिशीवर सुटका, एवढी ओळ लिहून मागा. पुष्कळ संचालक ती देतात, पण तोंडी नको, करारावरच हवी.