शाळेच्या खर्चाची वही

गावची शाळा कोण चालवतं? विचारलं की लोक म्हणतात, "सरकार." ते खरंच आहे. पण सरकारचा पैसा शाळेत येतो कसा आणि जातो कशावर, हे विचारलं की पारावरची माणसं एकमेकांकडे बघतात. आज आपण तेवढंच पाहू.

आपल्या परभणी जिल्ह्यात जिंतूर घ्या, पालम घ्या, खेड्यातली शाळा बहुधा जिल्हा परिषदेची असते. गुरुजींचा पगार वेगळा येतो. दुपारच्या जेवणाचा पैसा वेगळा, पुस्तकांचा वेगळा. मग खडू, झाडू, विजेचं बिल, खिडकीची मोडलेली कडी, हे कुठून करायचं? त्यासाठी सरकार वर्षाला एक रक्कम देतं. तिला 'संयुक्त शाळा अनुदान' म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ सोपा. शाळेच्या वरखर्चाचा पैसा. 2018-19 सालापासून हा पैसा समग्र शिक्षा योजनेतून मिळतो. 100 रुपयांतले 60 केंद्र सरकारचे, 40 राज्याचे.

रक्कम ठरते पटावर. समजा, तुमच्या शाळेच्या पटावर 60 मुलं आहेत. योजनेप्रमाणे वर्षाला 25,000 रुपये. त्यातला निदान दहावा हिस्सा, म्हणजे 2,500 रुपये, स्वच्छतेवर खर्चायचा. संडास, पाणी, साबण. उरले 22,500. बारा महिन्यांनी भागा. महिन्याला 1,875 रुपये झाले. एवढ्यात वीज आली, खडू आले, डागडुजीही आली.

पट 100 च्या वर गेला की रक्कम 50,000 होते. आम्हाला हे पुरतं पटत नाही. पत्रा 40 मुलांच्या डोक्यावर गळो की 100 मुलांच्या, तो बदलायला पैसा तेवढाच लागतो. लहान गावाची ओढाताण होते ती इथंच. शिवाय पैसा कधी उशिरा येतो, कधी निम्माच येतो. तोवर कुणी गुरुजी खिशातून भागवतात, कुठं गाव वर्गणी काढतं. विजेचं बिल थकलं तर वीज तुटते आणि संगणक फडक्याखाली झाकून राहतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. मुलांच्या शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. त्यानं शाळेत व्यवस्थापन समिती आणली. समितीत चार माणसांत तीन पालक हवेत. निम्म्या बाया हव्यात. आणि अनुदान कसं खर्च होतं यावर नजर ठेवणं हे कायद्यानंच समितीचं काम आहे.

पण पुष्कळ ठिकाणी काय होत आलं? कागद पुढं यायचा. "मावशी, इथं अंगठा लावा." मावशी लावायच्या. कागदात काय आहे ते कुणी सांगत नसे, मावशीही विचारत नसत. आता तुम्हाला वाचता येतं. तेव्हा बैठकीला गेलात की खर्चाची वही मागा. कीर्द म्हणतात ती. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. भरभर वाचता येत नसेल तर बोट ठेवून वाचा, लाजू नका. गुरुजींवर संशय घ्यायचा नाही. चोख गुरुजींना विचारणारा पालक आवडतो. बिल थकलं असेल तर तेही वहीतच कळेल. मग समितीनं ठराव करून तालुक्याला अर्ज द्यावा.

वहीत 'फळे रंगवले, 1,200 रुपये' असं असलं, तर पावती बघा. मग उठून वर्गात जा आणि फळा बघा. रंगवलेला असला तर परत या आणि सही करा.