“पप्पा, हे खरंय का?”

नांदेडकडची कितीतरी लेकरं आज लातूरला क्लाससाठी राहतात. त्यांच्या मोबाइलवर क्लासच्या ग्रुपसोबत घरचाही ग्रुप असतो आणि तिथं काका, मामा, आजोबा दिवसभर राजकारण ढकलत असतात. रात्री फोनवर पोरगी विचारते, “पप्पा, मामांनी टाकलंय ते खरंय का?” आपण म्हणतो, “तू अभ्यासाकडं लक्ष दे.”

पालकहो, हे उत्तर काही मला पटत नाही. वर्ष-दोन वर्षांत तीही मतदार होणार आहे.

नोव्हेंबर २०२४ आठवा. २० तारखेला नांदेडकरांनी एकाच फेरीत दोन मतं दिली, एक विधानसभेसाठी आणि एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी. २३ ला निकाल लागला. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले आणि त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीनं घेतल्या. असं कसं होईल? पण झालं. का झालं, यावर खुशाल भांडा. निकाल तोच राहतो.

त्याच सुमारास धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावाची गोष्ट फिरली: गावात काँग्रेसच्या कुणाल पाटलांना शून्य मतं! निकालानं आधीच चक्रावलेल्या अनेकांना ती लगेच पटली. प्रत्यक्षात गावातल्या चार मतदान केंद्रांवर त्यांना २२७, २३४, २५२ आणि ३४४ मतं होती. बेरीज १,०५७.

नांदेडचं ऐकून विश्वास बसत नव्हता, ते खरं होतं. अवधानचं चटकन पटलं, ते खोटं. लेकराला सांगायचं ते एवढंच, की पटणं हा पुरावा नव्हे.

मग पुरावा कुठला? केंद्रनिहाय मतं ‘फॉर्म २०’ मध्ये असतात आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. बातमीच्या लिंकचं मात्र नीट बघावं लागतं. नावाजलेल्या दैनिकासारखंच नाव, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडं, बातमीला ना तारीख ना बातमीदार, आणि ‘आमच्याविषयी’ दाबलं तर कोरं पान. पेपरच्या कात्रणाचा नुसता फोटो आला असेल तर त्या तारखेचा ई-पेपर उघडावा. तिथं ती बातमी नसेल तर विषय संपला.

सरकार सांगेल ना खरं-खोटं, असं कुणी म्हणेल. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचं खरं-खोटं सरकारच्याच कक्षानं ठरवावं, ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. मला तो निकाल रास्त वाटतो. पण त्यामुळं आपलं काम वाढलं, हेही खरं.

आता जरा अवघड बोलतो. विरोधी पक्षाची थाप पकडायला कुणाला शिकवावं लागत नाही, तिथं आपण सगळेच फौजदार! आपल्या साहेबांच्या बाजूचा मेसेज आला की चष्मा सापडत नाही. पोरं हे बघतात, आणि बोलत नसली तरी मनात नोंद ठेवतात.

तेव्हा यंदा सुट्टीत लेकरू घरी आलं की तुमच्याच पक्षाचा, तुम्हीच पुढं पाठवलेला एखादा मेसेज काढा आणि त्याला तपासायला द्या. खोटा निघाला तर त्याच ग्रुपवर, मामांच्या देखत, तसं लिहा.