पोटगी कुणाची आणि कुठवर?



किनवट व माहूर तालुक्यांतील गुड्यांवर काम करताना एक वाक्य मी वारंवार ऐकतो : “पंचांपुढं फारकत झाली, पैसे दिले, आता लेकरांचा विषय संपला.” नवरा-बायकोचे नाते पंचांपुढे मोडते, असे रिवाज मानतो. पण बाप-लेकराचे नाते मोडण्याचा अधिकार कोणत्याही पंचाला नाही. म्हणून या अंकात मुलांच्या पोटगीविषयी समजून घेऊ या.

हक्क मुलाचा आहे

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 लागू आहे. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 होते. ते सर्व धर्मांना व जमातींना लागू आहे. ऐपत असूनही बाप लेकराला सांभाळत नसेल, तर न्यायालय दरमहा रक्कम ठरवून देते. आईवडिलांचे लग्न झालेले नसले तरी मुलाचा हक्क तोच. आईने बॉण्डवर “काही मागणार नाही” असे लिहून दिले, तरी मुलाचा हक्क त्या कागदाने बुडत नाही. बाप धडधाकट असेल, तर “काम मिळत नाही” एवढे कारण न्यायालयात पुरत नाही.

कधी संपते?

मूल 18 वर्षांचे झाले की या कलमाखालची पोटगी थांबते. अपवाद एकच : शारीरिक वा मानसिक अपंगत्वामुळे किंवा इजेमुळे जे मूल स्वतःचे पोट भरू शकत नाही, त्याची पोटगी 18 नंतरही चालू राहते, मात्र विवाहित मुलीला हा अपवाद लागू नाही.

आईने दुसरे लग्न केले, ती मजुरीला जाऊ लागली किंवा बापाने दुसरा संसार थाटला, म्हणून मुलाची पोटगी संपत नाही.

येथे आदिवासी कुटुंबांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात अविवाहित मुलीला 18 नंतरही बापाकडून निर्वाह मागता येतो. परंतु केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे आपल्या लेकींसाठी 18 वर्षांपर्यंतचा काळ फार मोलाचा आहे.

उशीर का करू नये?

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी सांगितले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. म्हणजे बाराव्या वर्षी अर्ज केला तर सहा वर्षांची पोटगी मिळेल. सतराव्या वर्षी केला तर एकाच वर्षाची.

थकबाकीचेही तसेच. रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. पैसे न देणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही.

काय करावे?

1. मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा निर्गम उतारा जपून ठेवा. आपल्याकडे शाळेत अंदाजे तारीख लिहिली जाते. ती चुकीची असल्यास आधीच दुरुस्त करा. पोटगीचा शेवटचा दिवस त्याच तारखेवरून ठरतो.
2. नवरा कामासाठी परमुलखात गेला असला तरी पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो.
3. स्त्रिया, मुले व अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा.
4. अंतरिम पोटगी अर्जासोबतच मागा. त्या अर्जाचा निकाल, शक्य तो, नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत द्यावा असे कायदा सांगतो.

महिला मंडळात चर्चेसाठी

आपल्या गावात फारकत झालेल्या घरांतील किती मुले 18 च्या आतली आहेत? त्यांच्यापैकी कुणासाठी अर्ज झाला आहे? पुढच्या बैठकीपर्यंत ही यादी तयार करा. सर्वांत मोठ्या मुलापासून सुरुवात करा, कारण त्याच्याकडे वेळ सर्वांत कमी आहे.