‘आपली छत्री’ आणि ‘त्याची छत्री’
(आत्मवाचक सर्वनामाचा पाठ : इयत्ता तिसरी व चौथी)

पावसाळ्यात मसुरे येथील मुले गड नदीच्या बाजूने, भरतगडाच्या पायथ्याकडून आणि दूरदूरच्या वाड्यांतून शाळेत येतात व भिजलेल्या छत्र्या पडवीत ठेवतात. शाळा सुटताना एखादा मुलगा सांगतो, “गणूने त्याची छत्री नेली.” गणूने स्वतःची छत्री नेली की दुसऱ्या कोणाची, हे या वाक्यावरून कळत नाही, गणूवर आळ मात्र येतो. “गणूने आपली छत्री नेली,” असे म्हटले असते तर संशयाला जागाच उरली नसती. आत्मवाचक सर्वनामाचा पाठ येथूनच आरंभावा. व्याख्या मागाहून सांगता येते. शब्दाची गरज आधी पटली पाहिजे.

पहिली पायरी कृतीची आहे. मेजावर गणूची व बाबूची अशा दोन छत्र्या ठेवाव्यात. गणूने प्रथम स्वतःची छत्री उचलावी. वर्गाने म्हणावे, “गणूने आपली छत्री उचलली.” मग त्याने बाबूची छत्री उचलावी. आता वर्ग म्हणेल, “हा बाबू. गणूने त्याची छत्री उचलली.” छत्रीच्या जागी पाटी, दप्तर, टोपी घेऊन हा खेळ चार-पाच वेळा करावा. त्यानंतर शिक्षकाने विचारावे, “‘आपली’ म्हणजे कोणाची?” उत्तर मुलांकडूनच येईल : “ज्याने उचलली त्याची.” वाक्यातील कर्त्याकडेच परत वळणारे सर्वनाम ते आत्मवाचक, हा नियम मुलांनी असा आपणच शोधून काढलेला असतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. पाठाचा आरंभ ‘मी’ या शब्दाने करू नये. “मी माझी छत्री घेतली” आणि “मी आपली छत्री घेतली” या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होतो. त्यामुळे मुलांना भेद दिसत नाही. ‘तू’चेही तसेच. तृतीय पुरुषातच शब्द बदलला की अर्थ बदलतो. म्हणून ‘गणू’, ‘कमळ’, ‘आई’ असे कर्ते प्रथम घ्यावेत.

दुसरी पायरी ‘आपण’ या शब्दाची. हा शब्द तीन कामे करतो. “चला, आपण नदीवर जाऊ” यात बोलणारा व ऐकणारा दोघेही येतात. “गुरुजी, आपण बसावे” यात समोरच्या व्यक्तीचा मान राखला आहे. “आईने सर्वांना वाढले आणि मग आपण जेवली” यात ‘आपण’ म्हणजे आईच. पहिल्या दोन वाक्यांतील ‘आपण’ पुरुषवाचक होय. तिसऱ्यातील तेवढा आत्मवाचक. मुलांना एक खूण सांगावी : आत्मवाचक ‘आपण’ वाक्याच्या आरंभी येत नाही, तो ज्याच्याविषयी असतो, त्याचा उल्लेख आधी झालेला असतो.

तिसरी पायरी ‘स्वतः’ या शब्दाची. “गणूने आपल्याला चिमटा काढला” असे म्हटले तर चिमटा गणूलाच बसला की आपणा सर्वांना, असा प्रश्न पडतो. “गणूने स्वतःला चिमटा काढला” म्हणताच तो सुटतो. जेथे ‘आपण’ने घोटाळा होतो, तेथे ‘स्वतः’ वापरावा. ‘स्वतःला’, ‘स्वतःचा’ लिहिताना विसर्ग कायम राहतो, हे फळ्यावर लिहून दाखवावे.

आता मालवणीविषयी. घरी मूल ‘आपलो आंबो’ आणि ‘आपला घर’ म्हणते. प्रमाण मराठीत तेच ‘आपला आंबा’ व ‘आपले घर’ होते. वहीत “कमळ आपला घर झाडते” असे वाक्य आले, तर शिक्षकाने लाल रेघ ओढण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मुलाने सर्वनाम अचूक निवडले आहे; घर कमळचेच आहे, हे त्याने बरोबर दाखविले आहे. फरक आहे तो केवळ नपुंसकलिंगी प्रत्ययाचा. “शब्द बरोबर निवडलास, पुस्तकी भाषेत तो ‘आपले’ असा लिहितात,” एवढे सांगितल्यास पुरे. सरसकट ‘चूक’ म्हटल्यास मूल बरोबर शब्दही टाकून देते आणि पुढे वर्गात बोलणेच सोडते. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली व मोरो केशव दामले यांचे १९११ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या तोंडी ‘आपला’ हा शब्द त्यापूर्वी कितीतरी काळापासून आहे. शाळेने तो नव्याने द्यावयाचा नाही, त्याचे भान द्यावयाचे आहे.

पाठाच्या शेवटी व्याख्या पाठ म्हणवून घेऊ नये. मुलांनी घरी पाहिलेल्या कामांवर पाच वाक्ये लिहावीत आणि शेजारच्या मुलाने प्रत्येक वाक्याला “कोणाचे?” असा प्रश्न विचारावा. ज्या वाक्याचे एकच उत्तर येते, ते वाक्य उतरले. ज्याची दोन उत्तरे येतात, ते दोघांनी मिळून सुधारावे.

शाळा सुटताना ‘आपापला’ हा शब्दही सहज शिकविता येतो. मुले रांगेने पडवीत जातात आणि आपापल्या छत्र्या घेऊन आपापल्या वाडीची वाट धरतात. त्या वेळी “कोणी कोणाची छत्री नेली?” असे शिक्षकाने विचारावे. “ज्याने त्याने आपापली नेली,” असे उत्तर वर्गाने एका आवाजात दिले, तर त्या दिवशीचा पाठ मुलांना समजला असे मानावे.